चालू स्थितीत नसलेले वाहन

७ जाने. २००३
ह्यांच्या जुन्या मोटारगाडीच्या काचेवर सोसायटीने कागद चिकटवलाय. ‘चालू स्थितीत नसलेले वाहन महिनाअखेर हलवावे, अन्यथा सोसायटी हलवेल.’ पुढच्या काचेवर, अगदी मधोमध, डिंक फासून.
सेक्रेटरी गोडबोले जिन्यात भेटले. म्हणाले, “आजी, नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, “सारखा असेल तर तुमच्या मेव्हण्याच्या स्कूटरलाही लावा. तुळशीसारखी एका जागी आहे. पाणी घालायचं तेवढं राहिलंय.” जिना चढून वर गेले.
कागद निघता निघेना. उलथन्याने खरवडला.
ह्यांना सांगितलं नाही. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात, उजवा पाय नाही आणि जीभही अर्धीच. खिडकीशी खुर्चीत बसवते. घर तळमजल्याचं, खिडकीच्या समोरच गाडी. भिंतीकडे बघावं तसे तिच्याकडे बघत बसतात. जेवण दोन घास, तेही मी ओरडल्यावर.

१० जाने.
थेरपीवाली मुलगी आली. चित्रांचे पत्ते दाखवते. “आजोबा, हे काय आहे? के... के...” केळं. जन्मभर खडकीच्या फॅक्टरीत फिटर होते त्यांना केळं ओळखायला लावते. हे तोंड फिरवून बसले. जाताना मला म्हणाली, “आज्जी, त्यांना बोलतं ठेवा हं, नाहीतर आहे तेही जाईल.”
बोलतं ठेवा. धडधाकट होते तेव्हा तरी माझ्याशी कुठे बोलत होते.

१२ जाने. रवि.
मिलिंद आला. मुलगा. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, राहायला बाणेर. बूट काढायच्या आधीच, “आई, भंगारवाल्याशी बोललोय. पुढच्या वीकमध्ये टो करून नेईल.”
“बाबांना विचार.”
“बाबांना काय कळतंय आता?”
बाप समोर बसलेला.
आणि खुर्चीतून आवाज आला, “नाही.”
स्वच्छ. दिवाळीनंतर पहिला शब्द, जो मला परत विचारावा लागला नाही. मि. म्हणाला, “पण चालू कोण करणार? बाबांनी कधी मेकॅनिकला बॉनेटला हात लावू दिला नाही, आणि ही गाडी आता कुणी मेकॅनिक हातात घेणारही नाही.”
मी म्हटलं, “मी करते.”
हसला. हसू दे. त्याची सायकल कोण नीट करायचं ते विसरला. ती यांनीच केली म्हणा, पण पाने मीच धरून उभी असायची.

१३ जाने.
बॉनेट उघडलं. म्हणजे आधी त्याची तार तुटली, मग उघडलं.
आत उंदरांनी संसार मांडलेला. कापूस, सुतळी, माझ्या जुन्या परकराची नाडी. आमच्या घरापेक्षा नीट होतं. सांडशीने एकेक उचलून टाकलं. प्लगच्या वायरी कुरतडल्यात.
हे खिडकीतून बघत होते. काठी डाव्या हातात धरून गजांतून बाहेर काढली आणि टोकाने दाखवायला लागले. इकडे. तिकडे. मी म्हटलं, “अहो, मी काय मेंढरू आहे?” म्हणाले, “दहा.”
दहा काय? दहा नंबरचा पाना. कळायला बराच वेळ गेला. पानेसुद्धा दागिन्यांसारखे फडक्यांत गुंडाळून ठेवलेत. माझी एकुलती एक पोत डब्यात आहे, डाळीच्या.
एअर फिल्टरची एक पट्टी तुटली. माझ्या हातून. ह्यांनी डोळे मिटून घेतले.
रात्री भाकरी अख्खी खाल्ली. 

१५ जाने. बुध.
जुन्या बाजारात गेले. बॉनेटची तार आणि प्लगच्या वायरी पाहिजेत. बसमध्ये उभ्याने.
तिथला एक म्हणाला, “कुणासाठी, माय?”
“माझ्यासाठी.”
“बाबा कुठायत?”
“खिडकीत.”
माझ्या गळ्यातल्या लॉकेटमधला बाबासाहेबांचा फोटो बघून जयभीम म्हणाला. मीही म्हटलं. वाटलं, आपला माणूस. घरी येऊन उलगडून बघते तर एका वायरीला मधेच चिकटपट्टी. जयभीम म्हणून जुनी वायर गळ्यात मारली. ह्यांना दाखवली तर खांदे हलले. डावा खांदा. हसत असावेत.

१६ जाने.
कार्बोरेटर. हा शब्द मी तीनदा खोडून लिहिलाय. चौथीपर्यंत शिकलेय, त्यात कार्बोरेटर नव्हता.
परातीत रॉकेल घेऊन एकेक भाग धुतला. जुनं पेट्रोल आत सुकून गुळाच्या काकवीसारखं झालंय. जेट म्हणून एक पितळेची बारीक वस्तू, तिच्या भोकात घाण. मी पिन घालायला गेले तर काठी गजांवर आपटली. “ता... तार नको.”
“मग काय घालू, बोट?”
केरसुणीची काडी दाखवली. मान हलवली. हे आधी सांगायला काय झालं होतं.
एक स्प्रिंग उडून गटाराच्या जाळीपाशी गेली. सगळी दुपार ओणवी होऊन शोधत होते. गोडबोलेंची बायको गच्चीतून विचारते, “काय हरवलं हो, आजी?” म्हटलं, “अक्कल.”
सापडली. स्प्रिंग.

१८ जाने. शनि.
आज जरा आवरसावर केली. नव्या वायरी लावून झाल्यावर दिसलं, ज्या काळ्या टोपणातून चारी वायरी निघतात ते टोपण घाणीने माखलंय. मग रीतसर केलं. फडताळ पुसताना डबे आधी खाली काढतो तसं. चारी वायरी काढल्या, साबणाने पुसल्या, टोपण पुसलं, वायरी उन्हात वाळत टाकल्या, परत लावल्या. काय लख्ख झालंय. हे डुलकीत होते, म्हणून शांततेत झालं.

१९ जाने. रवि.
मि. बॅटरी चार्ज करून आणि कॅनमधून पेट्रोल घेऊन आला. पांढरे बूट घालून. सेल्फ मारला. गाडी घुरघुरली आणि फाट्‌कन आवाज. परत मारला, परत फाट्‌. कार्बोरेटरमधून जाळ आला हातभर. मि.ने इतकी लांब उडी मारली की लहानपणी शर्यतीत मारली असती तर बक्षीस आलं असतं. मी गोणपाट टाकलं.
“आई, बास. कोणीतरी मरेल. मी उद्याच भंगारवाल्याला...”
हे खिडकीत उभे. कुणी धरलेलं नाही, गज पकडून. तोंड लाल. आधी नुसता फेस, मग शब्द.
“एक-एक. एक-एक काढायची असते वायर. सगळ्या... सगळ्या काढून ठेवल्या हिने. बावळट.”
पुरं वाक्य. शेवटी बावळटसुद्धा.
म्हणजे वायरींचा क्रम असतो. एकीची जागा दुसरीला चालत नाही. मला कुणी सांगितलं होतं? स्वयंपाकघरात हळदीचा डबा तिखटाच्या जागी गेला तर घर पेटत नाही.
पिठाच्या ताटात डाव्या हाताच्या बोटाने आकडे काढून दाखवले. १ ३ ४ २. असे का, सरळ का नाहीत, विचारलं. “तसंच असतं.” मि. बघत होता बापाकडे. भंगारवाल्याचं पुढे बोलला नाही. तेवढी अक्कल आहे.

२१ जाने.
थेरपीवाली आली. म्हटलं, केळं राहू दे, हे विचार. आणि जेट तिच्या हातात दिला. “आजोबा, हे काय?” ह्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ही कुठून आली. मग सांगितलं. जेट, पेट्रोल, हवा, भोक. अडखळत, पण सांगत राहिले. पोरीने माझे हात धरले. हातांना रॉकेलचा वास, तिने सोडले.
दुपारी बाहेर गाडीला टेकून उभे राहिले. पंधरवड्यामागे संडासापर्यंत मी ओढत नेत होते. कारण गाडी आहे, मी नाही, हे मला दिसतं. मला वाईट वाटत नाही. वाईट वाटायला वेळ कुठाय. ही गाडी गेली तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि ती गाठ कुठल्या पान्याने सुटणार नाही.

२२ जाने.
टोपणाखाली ठिणगी सोडणारे पॉइंट असतात, त्यांच्यामधली फट बसवायची. मोजायची पत्ती सापडेना. मि.च्या कंपनीचं कार्ड दुमडून घातलं, बरोबर बसलं. इंजिनियरिंगच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग.
स्क्रू आवळताना हात घसरून बोटाची साल गेली. हे म्हणाले, “हळद लाव.” लावली. आश्चर्य म्हणजे ह्यांचं माझ्या बोटाकडे लक्ष गेलं.

२४ जाने. शुक्र.
ब्रेक. ब्रेकच्या नळीत हवा शिरलीय, ती काढायची. ह्या कामाला दोघं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, हवा गेली की आवळायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. इतकी वर्षं आत मी आणि खाली हे. दाब. धर. सोड. आमचं सगळ्यात जास्त बोलणं ह्या तीन शब्दांतच झालेलं असेल.
आता खाली मी. आत कोण? हे दार धरून स्वतःच जाऊन बसले, चालकाच्या जागेवर. दिवाळीनंतर पहिल्यांदा. उजवा पाय हाताने उचलून आत ठेवला, एखादं गाठोडं ठेवावं तसा. ब्रेक डाव्या पायाने दाबला.
मी खालून, “दाबा.” दाबला. “धरा.” धरला. “सोडा.” सोडेचनात. परत ओरडले तेव्हा सोडला. चारी चाकांना असंच. पाठीचा काटा ढिला झाला माझ्या.
उठून बघते तर हे दोन्ही हात स्टिअरिंगवर घेऊन बसलेले. उजवा डाव्याने उचलून ठेवलेला. म्हणाले, “येतं.”
काय येतं ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

२६ जाने. रवि.
झेंडावंदन झाल्यावर सगळी सोसायटी खालीच होती, जिलबी खात. मि.ला म्हटलं, आत्ताच मार सेल्फ. चोक ओढला. एकदा नाही, दोनदा नाही. गोडबोले जिलबी खाता खाता माझ्याकडे बघतायत. तिसऱ्यांदा धरली. निळा धूर, सगळ्यांच्या जिलब्यांवर. मि.ने आवारात फेरी मारली. पोरं मागे धावली.
गोडबोले म्हणाले, “ठीक आहे. पण महिन्यातून एकदा चालवून दाखवायची, आजी. नाहीतर परत कागद.”
“डिंक जपून ठेवा,” म्हटलं.
हे टाळ्या वाजवू शकत नाहीत, मांडीवर हात मारत होते. मि. उतरल्यावर त्याला बाजूला केलं आणि चालकाच्या दाराला हात घातला. मि. म्हणाला, “बाबा, नंतर.” त्याला वाटलं गंमत. मला नाही वाटलं.
गाडी चालू झाली. आता कटकट संपली असं कुणी म्हटलं तर त्याला हा पाना मारीन.

२८ जाने. मंगळ.
 भाजी आणायला गेले होते. परत येताना कोपऱ्यावरूनच आवाज आला, गाडी किंचाळत होती. पळत आले. हे आत बसलेले. एकटे भिंत धरून गेले होते, किल्ली खिळ्यावरून काढून. उजवा पाय अ‍ॅक्सिलेटरवर पडलेला, पूर्ण. त्यांना पत्ताच नाही. पायाला कळत नाही कुठे आहे ते. आणि डावा हात गिअरकडे जातोय. समोर सोसायटीची पोरं क्रिकेट खेळतायत, विटांच्या स्टंपवर.
दार उघडून किल्ली फिरवली. भाजी सगळी खाली.
“अहो, काय चाललंय?”
“डावा. डाव्या पायाने येतं.”
“आणि उजवा? तो काय घरी ठेवून जाणार?”
“येतं. शुक्रवारी... केलं.”
शुक्रवारी केलं. इंजिन बंद होतं हो शुक्रवारी. मीच बसू दिलं त्यांना तिथे, आणि मीच खालून दाबा-सोडा करत होते.
गोडबोलेंच्या बायकोने गच्चीतून पाहिलं. नशीब, तिला वाटलं मीच चालवत होते.

२९ जाने.
किल्ली माझ्या कमरेला. ह्यांनी दुसरी काढली. कुठून, देव जाणे. देव आम्ही मानत नाही, तरी त्यालाच माहीत.
मि.ला फोन केला. “आई, आता मीटिंगमध्ये आहे. विकूनच टाकू ना मग.” विकून टाकू. ह्याला प्रत्येक गोष्टीचं एकच उत्तर येतं.
विकली तर हे भिंतीकडे. ठेवली तर हे पोरांवर गाडी घालणार. बंद पडू दिली तर गोडबोले कागद लावणार. मी म्हणजे फिरत्या चाकांच्या मधे अडकलेला पाना.

३० जाने.
दुपारी हे झोपल्यावर बॉनेट उघडलं. पूर्वी गावाला जायचो तेव्हा गाडी चोरीला जाऊ नये म्हणून हे एक काम करायचे. टोपण काढून आतला रोटर खिशात घालून न्यायचे. अंगठ्याएवढा तुकडा, तो नसला की प्लगला करंट पोचत नाही. कुणी कितीही सेल्फ मारा.
तेच केलं. टोपण नीट परत बसवलं, वायरींना हात लावला नाही. रोटर रुमालात बांधून कमरेला खोचला. चोर घरातलाच आहे, चोरायची वस्तूही घरातलीच.

१ फेब्रु.
काल आणि आज, सेल्फवर सेल्फ. मी भांडी घासत ऐकते. गाडी घुरघुरते, धरत नाही. मला हाक. “ए. प्लग काढ.” काढला, पुसला, लावला. “बॅटरी बघ.” बघितली. “पेट्रोल?” आहे म्हटलं. चेहरा कोरा ठेवून सगळं केलं. मी नाटकात असते तर नाव झालं असतं.
आणि बोलणं काय विचारता. सकाळपासून तोंड बंद नाही. मेकॅनिक लोकांना शिव्या, जुन्या बाजाराला शिव्या, मला तर आहेतच. थेरपीवालीने काल ऐकलं आणि म्हणाली, “आज्जी, तुम्ही नक्की काय करताय?” काय सांगू तिला. गाडी बिघडवलीय?

२ फेब्रु. रवि.
मि. आला नाही, ऑफिसात काम. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. गोडबोलेंनाही तोच रविवार पाहिजे. फेब्रुवारीचं दाखवून टाका म्हणतात, म्हणजे महिनाभर त्यांचं डोकं शांत.

४ फेब्रु. मंगळ.
सकाळी चहा व्हायच्या आत काठी आपटली. “टोपण काढ.”
“परवा तर पुसलंय.”
“काढ.”
बाहेर येऊन स्वतः उभे राहिले, माझ्या खांद्यावर भार टाकून. आता काय करणार. दोन्ही क्लिपा सोडल्या, टोपण उचललं. आत नुसता दांडा उभा, वर काही नाही.
हे बघत राहिले. मीही बघत राहिले, आत. ओरडतील, काठी मारतील, पडतील, सगळं मनात येऊन गेलं. खांद्यावरचा हात जड झाला, एवढंच.
मग म्हणाले, सावकाश, एकेक शब्द लावून, “पहिल्यांदाच... काहीतरी... न मोडता काढलंस.”
मला हसू आलं, तोंड पदरात घातलं. वर बघते तर ते हसत नव्हते. हात खांद्यावरून काढून माझ्यासमोर धरला होता. उघडा. बॉनेटचा आधार घेऊन कसेबसे उभे, आणि हात पुढे.
“नाही,” म्हटलं.
“दे.”
“पोरं खेळतात तिथे.”
“पोरं...” पुढचा शब्द आला नाही. खूप प्रयत्न केला. ओठ हलत होते. मी खुर्ची आणायला आत गेले.

६ फेब्रु.
भांडण नाही, शिव्या नाहीत. जेवतात. थेरपीवालीशी बोलत नाहीत, माझ्याशीही नाही. फक्त मी जवळ गेले की डावा हात उलटा करून पुढे ठेवतात. गोळ्या द्यायला गेले, हात. ताट ठेवलं, हात. त्या हातावर गोळी ठेवली तर घेतात, गिळतात आणि हात परत तिथेच.
आज दुपारी मी म्हटलं, “अहो, उजव्या पायाला कळायला लागलं की देते. थेरपीवाली सांगेल तेव्हा.” त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने गुडघा उचलून पाय खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला. संध्याकाळपर्यंत तेच चाललंय. पायाचा अंगठा हलला असं ते म्हणतात. मला दिसला नाही. दिसला असं म्हणावं का नाही, ठरत नाही.
रविवारी गोडबोलेंना गाडी चालवून दाखवायची आहे. रोटर बसवावा लागेल, यांच्यासमोर, कारण खिडकी तिथेच आहे. बसवेन. पण एकदा गाडी चालू झाली की परत काढायला हे मला बॉनेटजवळ येऊ देतील असं वाटत नाही.